एका रात्रीची उसळी आणि सरकलेली पातळी

पऱ्हाटीला, म्हणजे कापसाला, पात्या-फुलं धरली की वावरात मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लागतात आणि रोज सकाळी गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचं काम सुरू होतं. समजा, दोन वावरांतल्या एकेका सापळ्याचे सात रात्रींचे आकडे असे आले:

पहिलं वावर: २, ४, ३, १७, ३, २, ४.
दुसरं वावर: १, १, २, ७, ९, ७, ८.

दोन्हीकडे बेरीज ३५, म्हणजे रात्रीला सरासरी ५. आठवड्याच्या तक्त्यात नुसती सरासरी लिहिली तर ही दोन वावरं एकसारखी दिसतील. गावात चर्चा होईल ती पहिल्या वावराची, कारण सतरा हा आकडा डोळ्यात भरतो. प्रत्यक्षात काळजी दुसऱ्या वावराची करायला हवी. तिथे चौथ्या रात्रीपासून पतंगांची पातळीच वर सरकली आहे आणि खाली यायचं नाव घेत नाही. पहिल्या वावरात एका रात्री उसळी आली आणि गेली.

संख्याशास्त्रात पहिल्या प्रकाराला आउटलायर म्हणतात, दुसऱ्याला चेंज-पॉइंट. दोन्ही 'काहीतरी वेगळं घडलंय' असंच सांगतात, म्हणून लोक त्यांची गल्लत करतात. पण उसळी ही एका आकड्यापुरती असते. तो आकडा बाजूला काढला की उरलेली मालिका जशी होती तशीच राहते. पातळी सरकते तेव्हा कुठलाही एक आकडा काढून उपयोग नसतो, कारण जिथून आकडे येतात तिथेच बदल झालेला असतो. उसळीमागे बहुधा मोजणीची भानगड निघते. आदल्या सकाळी सापळा रिकामा केलाच नव्हता आणि दोन रात्रींचे पतंग एकत्र मोजले गेले. किंवा सापळ्यातला लूर, म्हणजे तो वास सोडणारा तुकडा, त्याच दिवशी नवा लावला होता. पातळी सरकते तेव्हा वावरातच पतंगांची नवी पिढी बाहेर पडायला लागलेली असते. म्हणून उसळी आली तर आधी मोजणीची चौकशी करायची. पातळी सरकली तर पिकात जाऊन डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुलं, बघायच्या, हिरवी बोंडं फोडून बघायची.

एवढं कळलं तरी खरी अडचण सुटत नाही. सात रात्रींचे आकडे समोर मांडून फरक सांगणं सोपं आहे. चौथ्या सकाळी काय सांगाल? एका वावरात १७, दुसऱ्यात ७, आणि पुढच्या रात्री अजून यायच्या आहेत. त्या सकाळी कोणीही, कितीही हुशार असला तरी, ही उसळी आहे की नव्या पातळीची पहिली रात्र आहे हे खात्रीने सांगू शकत नाही. फरक एका आकड्यात नसतोच, तो पुढच्या आकड्यांत उलगडतो. म्हणजे थांबावं लागतं, आणि थांबण्याची किंमत मोजावी लागते.

गुलाबी बोंडअळीसाठी जी शिफारस आहे तिच्यात हे थांबणं आधीच धरलेलं आहे: सापळ्यामागे रात्रीला ८ पतंग, सलग तीन रात्री, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, आता फवारणी करायची. शेतकरी विचारतो, "सतरा सापडले न सर, आता थांबता काहून?" प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर द्यायचं तर थांबल्याने काय जातं आणि न थांबल्याने काय जातं, हे दोन्ही सांगावं लागतं.

विदर्भात ही दोन्ही उत्तरं एकाच हंगामाने दिली आहेत. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने इथली पऱ्हाटी उभ्या उभ्या पोखरली. बोंड बाहेरून धडधाकट दिसायचं आणि आत अळीने सरकी खाल्लेली असायची. उशिरा कळण्याची किंमत ती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून पंप पाठीवर घेण्याचा प्रत्येक निर्णय जपून घ्यायचा असतो, आणि गरज नसताना केलेली फवारणी ही केवळ औषधाच्या पैशांची नासाडी नसते. चुकीच्या इशाऱ्याची किंमत अंगावर घेणारा माणूस बहुतेक वेळा इशारा देणारा नसतो. मला या विषयाचं गणित एवढं महत्त्वाचं वाटतं ते याच कारणाने. ते या दोन किमतींना एका कागदावर, एकमेकींच्या शेजारी मांडतं.

त्या गणिताची सुरुवात कारखान्यात झाली. १९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी टेलिफोनच्या साहित्याची गुणवत्ता तपासण्यासाठी नियंत्रण-आलेख मांडला. सरासरीच्या वर आणि खाली तीन प्रमाण विचलनांवर (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात त्याचं माप) एकेक रेघ मारायची आणि माप रेघेबाहेर गेलं की यंत्र थांबवून बघायचं. आजही जगभर वापरतात इतकी ही पद्धत साधी आहे. पण तिला कालचं काही आठवत नाही. प्रत्येक माप ती एकट्याने बघते. मोठी उसळी तिला लगेच दिसते, पण पातळी थोडीच सरकली आणि प्रत्येक माप रेघेच्या आतच राहिलं, तर ती कितीतरी वेळ गप्प बसते.

१९५४ मध्ये केंब्रिजच्या ई. एस. पेज यांनी वेगळा मार्ग मांडला, त्याला आज क्युसम म्हणतात. तो दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखा चालतो. रोजच्या आकड्यातून एक ठरावीक संख्या वजा करायची आणि जे उरेल ते कालच्या बाकीत मिळवायचं. बाकी शून्याच्या खाली गेली तर शून्यच लिहायची, कारण मागच्या शांत रात्रींचा फायदा पुढच्या वाईट रात्रींना द्यायचा नाही. बाकी ठरलेल्या मर्यादेला पोचली की इशारा.

आपल्या दुसऱ्या वावरावर करून बघू. रोज ५ वजा करायचे आणि मर्यादा १० धरायची. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, कृषी विभागाची शिफारस म्हणून नव्हे. पहिल्या तीन रात्री बाकी शून्य. चौथीला ७ पतंग, बाकी २. पाचवीला ९, बाकी ६. सहावीला ७, बाकी ८. सातवीला ८, बाकी ११, आणि इशारा. आता 'सलग तीन रात्री ८' हा नियम याच आकड्यांना लावा. पाचव्या रात्री ९ आले, पण सहाव्या रात्री ७ आल्यामुळे साखळी तुटली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सातव्या सकाळीही तो नियम गप्प आहे. आठाला एक कमी पडला म्हणून आधीचं सगळं पुसून टाकायचं, हे क्युसमला मान्य नाही. वावरात तोंडी सांगता येणारा, वही-पेन न लागणारा नियम म्हणून तीन रात्रींच्या नियमाचं मोल मी कमी समजत नाही. पण दोन्ही नियमांच्या स्मरणशक्तीत एवढा फरक आहे.

हा फरक किती, त्याचे आकडे ठाऊक आहेत. मापं नेहमीच्या घंटाकृती वितरणाची आणि एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर शूहार्टचा आलेख सरासरी ३७० मापांनंतर एकदा खोटा इशारा देतो. पातळी एक प्रमाण विचलनाने सरकली तर ती पकडायला त्याला सरासरी ४४ मापं लागतात. नेहमीच्या मांडणीतला क्युसम सरासरी ४६५ मापांनंतर एकदा खोटा ओरडतो आणि तोच बदल साधारण १० मापांत पकडतो. बदल तीन प्रमाण विचलनांएवढा दांडगा असेल तर मात्र शूहार्टला दोन मापं पुरतात आणि क्युसमला थोडी जास्त लागतात. म्हणजे उसळी पकडायला एक हत्यार, पातळी पकडायला दुसरं.

पहिल्या वावरात क्युसम फसतो, हेही सांगायला हवं. चौथ्या रात्रीचे १७, त्यातून ५ वजा, बाकी एकदम १२, आणि मर्यादा तर १० ची. एकाच उसळीने इशारा गेला. उपाय असा की एका रात्रीत बाकी जास्तीत जास्त ६ नेच वाढू द्यायची. मग चौथ्या रात्री ६, पाचवीला ४, सहावीला १, सातवीला ०. इशारा नाही. दुसऱ्या वावराच्या हिशोबात वाढीला घातलेल्या या टोपीने काहीच बदलत नाही, कारण तिथे एका रात्रीची वाढ ४ च्या वर गेलीच नाही. एकट्या आकड्याला किती बोलू द्यायचं हे आधीच ठरवलं की उसळी आणि पातळी बऱ्याच अंशी वेगळ्या होतात. बऱ्याच अंशीच. लागोपाठ दोन उसळ्या आल्या तर ही टोपीही पुरत नाही.

पेज यांनी आपली पद्धत सर्वांत चांगली आहे हे सिद्ध केलं नव्हतं. ते पुढे न्यूकॅसलला विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. मॉस्कोत गणितज्ञ कोल्मोगोरोव यांचे शिष्य अल्बर्ट शिर्यायेव यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हाच प्रश्न संभाव्यतेच्या भाषेत नेमका मांडला: खोट्या इशाऱ्यांवर बंधन घातलं तर खरा बदल कळायला होणारा उशीर कमीत कमी किती करता येईल? १९७१ मध्ये गॅरी लॉर्डन यांनी दाखवलं की खोटे इशारे फार विरळ ठेवायचे असतील तर वाईटात वाईट परिस्थितीतल्या उशिराच्या हिशोबाने क्युसम जवळजवळ सर्वोत्तम ठरतो. यातला 'जवळजवळ' हा शब्द १९८६ मध्ये जॉर्ज मुस्ताकिदेस यांनी काढून टाकला. कारखान्यात कधीचीच वापरात असलेली युक्ती आपल्या चौकटीत अजिंक्य आहे, हे कळायला ३२ वर्षं गेली.

पण चौकट म्हणजे अटी, आणि आपल्या वावरात त्या अटी पुऱ्या होत नाहीत. बदलाआधीची पातळी आणि नंतरची पातळी दोन्ही माहीत आहेत, रोजचे आकडे एकमेकांवर अवलंबून नाहीत, असं त्या सिद्धतेत धरलेलं आहे. पतंगांचं तसं नसतं. ढगाळ, पावसाच्या रात्री पाठोपाठ येतात आणि आकडेही पाठोपाठ खाली जातात. शिवाय हंगाम पुढे सरकतो तसे पतंग वाढणारच असतात, त्यामुळे ऑगस्टची पातळी धरून नोव्हेंबरला मोजलं तर रोजच इशारा येईल. या विषयात आयुष्य घालवणाऱ्या गणितज्ञाचं बहुतेक काम इथेच असतं. तो एकेक अट सैल करतो आणि अट सैल केल्यावर उशीर किती वाढतो ते मोजतो. नंतरची पातळी माहीत नसेल तर? एका सापळ्याऐवजी शिवारातले पन्नास सापळे असतील आणि बदल त्यातल्या तिघांतच झाला असेल तर?

मागे वळून बघताना प्रश्न थोडा हलका होतो, कारण तिथे थांबायची किंमत नसते. इजिप्तमधल्या अस्वानजवळच्या नाईल नदीच्या वार्षिक प्रवाहाचे १८७१ ते १९७० असे शंभर वर्षांचे आकडे या विषयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताखालून जातात. त्यात आपली दोन्ही वावरं एकाच मालिकेत सापडतात. १८९८ नंतर नदीची पातळी सरकली. आधी वर्षाला सरासरी ११० अब्ज घनमीटर वाहणारं पाणी नंतर ८५ वर आलं आणि तिथेच राहिलं. १९१३ मध्ये प्रवाह ४६ अब्जांच्या खाली गेला, शंभर वर्षांतला सर्वांत कमी. पण १९१४ मध्ये तो पुन्हा ८२ वर होता. डोळा १९१३ वर जातो, आणि नदीचं खरं वळण मात्र १८९८ लाच आहे.

आपल्या देशात या फरकावर एक मोठा निर्णय फिरला आहे. १९२६ मध्ये ओडिशात ब्राह्मणी नदीला भयंकर पूर आला. अभियंत्यांच्या समितीचं मत पडलं की नदीचं पात्र वर उचललं गेलंय, तेव्हा बांधही उंच करा. म्हणजे त्यांनी एका पुराकडे पाहून पातळी सरकल्याचा निष्कर्ष काढला. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि दाखवलं की पात्रात तसा बदल झालेलाच नाही. वरच्या भागात धरणं बांधून जादा पाणी अडवणं हा उपाय त्यांनी सुचवला. साठ वर्षं कोणीतरी नेमाने नोंद ठेवली होती, म्हणून हे शक्य झालं.

आपल्याकडे अतिवृष्टीची नोंद महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरवर पाऊस झाला की होते. पंचनाम्यासाठी हा नियम योग्यच आहे, कारण नुकसान त्या एका दिवसाने होतं. पण पावसाची तऱ्हा बदलली का, या प्रश्नाला तो दिवस उत्तर देत नाही. बोंडअळीचं उलट झालं. २००२ मध्ये बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा बीटी कापूस आला, पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषाला पुरून उरली, आणि तिने केलेलं नुकसान कितीतरी ठिकाणी 'यंदाचं साल खराब' म्हणून सोडून दिलं गेलं. ते एका सालाचं नव्हतं. पातळी सरकली होती.

सापळ्याची वही ठेवणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. एकही पतंग नाही सापडला तर शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका. कोऱ्या जागेचा अर्थ 'पतंग नव्हते' की 'कोणी बघितलंच नाही' हे नंतर कळत नाही, आणि क्युसमची बाकी तिथेच अडते. दोन दिवसांनी गेलात तर दोन रात्रींचा आकडा एकत्र आहे असं शेजारी लिहा. लूर बदलला त्या तारखेपुढे खूण करा. आठवड्याची सरासरी वर पाठवायची असेल तर पाठवा, पण रोजचे सात आकडे फाडून टाकू नका.