नाशिकची घरं आणि मागाहून मांडलेला हिशेब

राज्य मंत्रिमंडळाने २० मे २०२५ रोजी नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. ‘माझे घर, माझा अधिकार’ हे त्याचं ब्रीद आणि २०३० पर्यंत ३५ लाख घरं हे उद्दिष्ट. त्यातली काही घरं नाशिकच्या वाट्याला येणारच, आणि ती यायलाच हवीत. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत राबणाऱ्यांना परवडेल असं घर मिळणं ही चैन नव्हे. पण या घरांचं सांडपाणी, त्यांनी अडवलेलं पावसाचं पाणी, त्यांच्यासाठी तुटणारी झाडं यांचा हिशेब कधी मांडायचा? आजवर नाशिकने तो प्रत्येक वेळी नुकसान झाल्यावर मांडला आहे.

महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. त्याच सुमारास सिडकोच्या सहा योजनांतून नवीन नाशिक उभं राहत होतं. घरं छोटी, कामगारांना झेपतील अशी. पुढे कुटुंबं वाढली, घरांवर मजले चढले. खालचं ड्रेनेज मात्र मूळ घराच्या मापाचंच होतं. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १०.७७ लाख होती, २०११ मध्ये ती १४.८६ लाख झाली. गंगापूर रोड, इंदिरानगर, म्हसरूळ, आडगाव या भागांतले मळे एकामागोमाग एनए, म्हणजे बिगरशेती, झाले.

पहिला मोठा हिशेब नदीने मांडला. गोदाघाटावर पुराची उंची मीटरमध्ये कोणी सांगत नाही. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्यापर्यंत आलं, असंच बोललं जातं. गंगापूर धरण झाल्यावरही १९६९ चा पूर आला होता. तरी पुढची कित्येक वर्षं काठावर बांधकामं होत राहिली. सप्टेंबर २००८ च्या पुराने सराफ बाजार, भांडीबाजार पाण्यात गेल्यावर पाटबंधारे विभागाने नेहमीच्या पुराची निळी आणि क्वचितच्या मोठ्या पुराची लाल अशा पूररेषा आखल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. दोन रेषांच्या मधे करायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीहून सुमारे दीड फूट वर हवं. यात त्या एका इमारतीचा जीव वाचतो, हे खरं. पण भराव टाकून उचललेल्या प्लॉटवरचं पाणी शेजारच्या जुन्या घरात शिरतं, हे नासर्डी नदीच्या काठी राहणाऱ्या कोणालाही विचारा. त्या पाण्याची नोंद बांधकाम परवानगीच्या फाइलमध्ये कुठेच होत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा घाट बुडाला.

दुसरा हिशेब कचऱ्याचा. पाथर्डीच्या खतप्रकल्पात कचरा साठत गेला आणि २०१५ च्या अखेरीस राष्ट्रीय हरित लवादाने शहरात नव्या बांधकाम परवानग्यांवरच निर्बंध आणले. नव्या घरांमुळे किती कचरा वाढेल आणि तो कुठे जाईल, हा प्रश्न परवानगी देताना विचारला असता तर ही वेळ आली नसती.

याच काळात शहर ‘कपाटा’त अडकलं होतं. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. भिंतीतल्या कपाटाची जागा चटईक्षेत्रात, म्हणजे प्लॉटवर मोजून मिळणाऱ्या बांधकाम क्षेत्रात, धरली जात नसे. नकाशात कपाट दाखवायचं आणि बांधताना मधली भिंत न घालता ती दोन फुटांची पट्टी खोलीत घ्यायची, असं सर्रास झालं. अशा इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले थांबले, गृहकर्ज फेडणारे दाखल्याविना राहिले. लहान रस्ते नऊ मीटर रुंद धरून जादा चटईक्षेत्र देण्याचा मार्ग पुढे निघाला. वर्षानुवर्षं चाललेल्या त्या चर्चेत चौरस फूट होते, जादा क्षेत्रासाठी भरायचा प्रीमियम होता, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) होता. त्या जादा क्षेत्रात राहणाऱ्या माणसांच्या सांडपाण्याचा विषय मला तरी कधी ऐकू आला नाही. आगर टाकळी, तपोवनची मलनिस्सारण केंद्रं मुळात जुन्या, सैल मानकांसाठी बांधलेली; त्यांच्यावरचा भार मात्र वाढतच राहिला.

कायद्यातच ही फट आहे. प्रकल्प उभा राहण्याआधी त्याचे पर्यावरणावरचे परिणाम तपासायचे, हे पर्यावरणीय आघात मूल्यांकन. त्याची १९९४ ची अधिसूचना गृहप्रकल्पांना लागू नव्हती. २००४ मध्ये मोठी बांधकामं तिच्या कक्षेत आली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने २०,००० चौरस मीटरपासून पुढच्याच बांधकामांना ती लागू केली. नाशिकची नेहमीची अपार्टमेंट या मापाच्या कितीतरी खाली असते. समजा, हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर तीन हजार चौरस मीटर बांधकाम झालं. अशा सात इमारती एका रांगेत उभ्या राहिल्या की बेरीज २१,००० होते; पण परवानग्या सात, म्हणून मूल्यांकन शून्य. जमिनीत मुरणारं पाणी मात्र सातही प्लॉटवरून तुटतं.

आणि नियमच बदलला तर? जानेवारी २०१७ चा विकास आराखडा, डिसेंबर २०२० मध्ये आलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, तिच्यातलं निवासी बांधकामाला मूळ क्षेत्रावर ६० टक्क्यांपर्यंतचं पूरक चटईक्षेत्र: यातल्या एकेका कलमाने हजारो इमारतींची उंची ठरते. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे अशा बदलांवर हरकती-सूचना मागवल्या जातात. नागरिकाला मसुदा आणि नकाशा मिळतो, परिणामांचा अहवाल मिळत नाही, कारण धोरणाचं मूल्यांकन करा असं आपल्याकडचा कोणताही कायदा सांगत नाही. कॅलिफोर्नियात १९७० पासूनच्या कायद्यामुळे शहराने गृहनिर्माण आराखडा सुधारला की त्या सुधारणेचाच पर्यावरणीय आढावा घ्यावा लागतो. युरोपीय संघाने २००१ मध्ये आराखडे आणि कार्यक्रमांसाठी तशी सक्ती केली.

माहिती नाशिककडे नाही असं नाही. महापालिकेला दर वर्षी ३१ जुलैपर्यंत पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महासभेपुढे ठेवावा लागतो. वृक्षगणना झाली आहे, पूररेषा आखलेल्या आहेत, गंगापूर, दारणा आणि मुकणे धरणांतून पाणी किती उचललं जातं याची रोजची नोंद आहे. हे सगळं पर्यावरण, उद्यान, पाणीपुरवठा अशा वेगवेगळ्या विभागांच्या टेबलांवर पडून आहे, आणि चटईक्षेत्राचा निर्णय नगररचनेच्या टेबलावर होतो.