पासवर्ड बरोबर, पण डेस्कटॉप कोरा? आधी हे वाचा

काँप्युटर सुरू केला, पासवर्ड टाकला आणि समोर कोरा करकरीत डेस्कटॉप आला. नेहमीचा फोटो नाही, फायली नाहीत, कोपऱ्यात एकटं रिसायकल बिन. तात्पुरत्या प्रोफाइलने साइन इन झाल्याची सूचना खाली उजवीकडे क्षणभर येऊन जाते, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मग आम्हाला फोन येतो, "सगळं उडालं हो!" बहुतेक वेळा काही उडालेलं नसतं.

विंडोजमध्ये प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर, म्हणजेच त्याचं प्रोफाइल, सी ड्राइव्हवर 'यूजर्स'मध्ये असतो. तुमची कागदपत्रं, फोटो, डेस्कटॉपवरच्या फायली त्यातच राहतात. शिवाय 'एनटीयूजर डॉट डॅट' नावाची एक लपवलेली फाइल असते. वॉलपेपर, डीफॉल्ट प्रिंटर, बऱ्याचशा प्रोग्रामांच्या सेटिंग्ज तिच्यात नोंदलेल्या असतात. साइन इन करताना ही फाइल उघडली नाही, की विंडोज तात्पुरतं बिऱ्हाड मांडून देतं. तुमचं सामान जुन्या खोलीतच असतं, तुम्हाला फक्त शेजारच्या खोलीत बसवलेलं असतं.

काम चालू असताना वीज जाणं, बटण दाबून धरून मशीन बंद करणं, अपडेट अर्धवट राहणं, सी ड्राइव्ह गच्च भरणं ही नेहमीची कारणं. कधीकधी डिस्कच शेवटच्या घटका मोजत असते, म्हणून आम्ही प्रोफाइलला हात लावण्याआधी डिस्क तपासतो.

या तात्पुरत्या डेस्कटॉपवर काम करू नका. साइन आउट केलं की तिथलं सगळं पुसलं जातं. आमच्या एका ग्राहक ताईंनी दुपारभर बसून अर्ज टाइप केला, डेस्कटॉपवर सेव्ह केला आणि मशीन बंद केलं. जुन्या फायली एकूण एक मिळाल्या, तो अर्ज मात्र गेला तो गेलाच.

सुरुवातीला एक-दोनदा रीस्टार्ट करून पाहा. 'शट डाउन' नव्हे, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. अँटिव्हायरसने ती 'एनटीयूजर' फाइल नुसतीच अडवून धरली असेल, तर एवढ्यानेही गाडी रुळावर येते.

नाही आली, तर आधी बॅकअप. 'यूजर्स'मध्ये जाऊन जुन्या नावाचा फोल्डर उघडा. परवानगी विचारली तर द्या आणि हव्या त्या फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, मशीन बंद करून आमच्याकडे आणा.

इंटरनेटवरचे व्हिडिओ रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या आतल्या नोंदवहीतल्या, 'प्रोफाइललिस्ट'मध्ये शिरायला सांगतात. उपाय खरा आहे. तिथे एकाच खात्याच्या दोन नोंदी दिसतात, एकीच्या शेवटी 'डॉट बॅक' असतं, आणि नावांची अदलाबदल केली की जुनं प्रोफाइल परत येऊ शकतं. पण मूळ फाइलच खराब असेल तर त्याचा उपयोग होत नाही, आणि चुकीची नोंद उडवली तर दुखणं वाढतं. आम्हीसुद्धा 'प्रोफाइललिस्ट'ची प्रत आधी फाइलमध्ये काढून ठेवल्याशिवाय (एक्स्पोर्ट) तिथे काही बदलत नाही.

फाइल खराबच निघाली तर आमच्या मते नवं खातं काढलेलं बरं. सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स'मधून खातं तयार करायचं, त्यात एकदा साइन इन करायचं आणि जुन्या फोल्डरमधलं सामान निवडून आणायचं. अख्खा फोल्डर उचलून आणू नका. 'एनटीयूजर'ने सुरू होणाऱ्या फायली सोबत आल्या, तर जुना आजार नव्या घरात शिरतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर वाद नको. क्रोम, एजसारख्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड जुन्या खात्याशी बांधून एन्क्रिप्ट केलेले असतात. नुसता फोल्डर कॉपी करून ते येत नाहीत. सिंक, म्हणजे ब्राउझरच्या ऑनलाइन खात्यात प्रत ठेवणं, चालू असेल तर नव्या खात्यात ब्राउझरला लॉगिन केल्यावर ते आपोआप उतरतात. बुकमार्क आम्ही आणून देतो. आउटलुकमधली मेल कुठे साठवली आहे तेही विचारून घेतो, कारण 'पीएसटी' फाइल विसरली की वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार मागे राहतो.

जुना फोल्डर आम्ही लगेच पुसत नाही, महिनाभर तसाच ठेवतो. त्या काळात तुमचा प्रत्येक प्रोग्राम एकदा तरी उघडून पाहा, विशेषतः हिशेबाचा. काही राहिलंय असं वाटलं तर आम्हाला फोन करा, तोवर जुन्या फोल्डरला हात लावू नका.