तिघांच्या खेळात चौथा आला तो चोर

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ. त्यात 'रोग' (इंग्रजी rogue, म्हणजे भुरटा, लबाड) क्लासचं, म्हणजे त्या प्रकारचं, पात्र तयार करायला घेतलं की कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदीच्या कागदावर, एक चमत्कारिक मिश्रण उभं राहतं. चिलखत चामड्याचं, शस्त्र हलकं, पण स्किल्स बहुतेकांपेक्षा जास्त. 'स्नीक अटॅक'चे, म्हणजे दबा धरून केलेल्या वाराचे, फासे वेगळे मोजायचे. सोबत कुलपं उघडायची हत्यारं आणि चोरांची सांकेतिक बोली. हे सगळं एका बैठकीत ठरलेलं नाही. पन्नास वर्षं खेळाडू एका प्रश्नावर भांडत आले, त्यातून ते साचत गेलं. प्रश्न असा: ज्याच्या अंगात बळ नाही आणि ज्याला जादूही येत नाही, त्याने भुयारात उतरून करायचं काय?

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा मूळ खेळ आला, तेव्हा त्यात चोर नव्हताच. लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू असे तीनच क्लास होते. पण त्या खेळाचे नियम नीट वाचले तर सगळेच चोर होते असं म्हणावं लागतं. पात्राला वरच्या लेव्हलला नेणारे अनुभवाचे गुण मुख्यतः मिळायचे ते भुयारातून बाहेर आणलेल्या खजिन्याचे, एका सुवर्णनाण्याला एक गुण. राक्षस मारून त्या मानाने फार थोडं हाती लागे. म्हणजे शहाणा गट लढाई टाळायचा, दाराला कान लावायचा, लांब काठीने जमीन टोचत पुढे सरकायचा आणि सोनं घेऊन निसटायचा. सापळा शोधायचा तर खेळाडूने तोंडाने सांगायचं: मी पेटीच्या कडेवरून बोट फिरवतो, झाकण दुरून काठीने उचलतो. मग काय होतं ते खेळ चालवणारा डंजन मास्टर ठरवायचा.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका इथे 'एरो हॉबीज' या दुकानात जमणाऱ्या खेळाडूंनी स्वतःपुरता चोराचा क्लास रचला. फोनवर ती कल्पना गायगॅक्सच्या कानावर गेली. त्याने आपल्या पद्धतीने ती लिहून काढली आणि जून १९७४ मध्ये एका छोट्या वार्तापत्रात छापली. १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत चोर अधिकृतपणे खेळात आला. एखाद्या दुकानातल्या टेबलावर सुचलेली गोष्ट वर्षभरात खेळाचा कायमचा भाग व्हावी, हे त्या काळाचं मोठेपण आहे, आणि त्या खेळाडूंचं ऋण आजही पुरेसं मानलं जात नाही असं मला वाटतं.

चोराचं व्यक्तिमत्त्व मात्र कथासाहित्यातून आलं. जॅक व्हान्सचा क्यूगेल आणि रॉजर झेलाझ्नीचा 'जॅक ऑफ शॅडोज' हे आपले मुख्य आधार होते, असं गायगॅक्सने पुढे लिहिलं. रॉबर्ट हॉवर्डच्या कोनानचाही थोडा अंश त्याने मान्य केला. फ्रिट्झ लायबरचा ग्रे माउजर तर सगळ्यांनाच आठवायचा. या उसनवारीच्या खुणा नियमांत दिसतात. सावलीत दडण्याचं कसब झेलाझ्नीच्या नायकाची आठवण करून देतं. माउजर तरुणपणी जादूगाराचा शिष्य होता. जुन्या नियमांत दहाव्या लेव्हलचा चोर जादूची गुंडाळी वाचू शकतो आणि त्याच्या हातून ती जादू फसूही शकते, ही तरतूद वाचताना मला नेहमी तोच दिसतो. आजचा 'आर्केन ट्रिकस्टर', म्हणजे थोडी जादू येणारा रोग, निवडणारा खेळाडू त्याच वाटेने चाललेला असतो.

आता आकडे. १९८१ च्या बेसिक नियमपुस्तकातला पहिल्या लेव्हलचा चोर घ्या. कुलूप उघडण्याची शक्यता १५ टक्के, सापळा शोधण्याची १०, खिसा मारण्याची २०, आवाज न करता चालण्याची २०, सावलीत लपण्याची १०. भिंत चढण्याची तेवढी ८७. हिट पॉइंट्ससाठी, म्हणजे किती मार सोसता येईल त्यासाठी, चार बाजूंचा फासा, म्हणजे एखादा बरा घाव आणि खेळ संपला. कुलूप उघडण्याचा प्रयत्न फसला तर पुढची लेव्हल येईपर्यंत त्याच कुलपाला पुन्हा हात लावता येत नसे. ज्या कामासाठी त्याला गटात घेतलं, त्याच कामात तो बहुतेक वेळा हरायचा. भरपाई म्हणून त्याची चढण सोपी ठेवली होती: दुसऱ्या लेव्हलला लढवय्याला २,००० गुण लागत, जादूगाराला २,५००, तर चोराला १,२००.

यातून खरा घोळ टेबलावर झाला. सापळे शोधणं हे चोराच्या नावावर टक्केवारीसकट लिहिलं गेल्यावर बाकीच्यांनी शोधायचं सोडलं. काठीने जमीन टोचणारा लढवय्या म्हणू लागला, ते चोराचं काम, टाक फासा. जुन्या पद्धतीने खेळणारे काहीजण म्हणूनच आजही चोराला खेळात घेत नाहीत. दुसरी बाजू अशी की पडद्यामागे कोणीही लपेल, पण उघड्या भिंतीलगतच्या नुसत्या सावलीत चोरच लपेल. दोर लावून कोणीही चढेल, गुळगुळीत भिंत चोरच चढेल. मला हा अर्थ पटतो. तसा धरला की ८७ टक्के हा आकडा थक्क करणारा ठरतो आणि १० टक्के हीसुद्धा एक जादाची संधी होते.

बेसिकपासून वेगळ्या चाललेल्या 'अॅडव्हान्स्ड' नियमांच्या १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'ने चोराला सहा बाजूंचा फासा दिला आणि मारेकऱ्याचा क्लास त्याच्या हाताखाली ठेवला. चोराला 'लॉफुल गुड', म्हणजे नियम पाळणारा सज्जन, होता येत नसे. अनेक टेबलांवर याचा परिणाम एकच: चोर झालेला खेळाडू रात्री सोबत्यांच्याच थैल्या उघडायचा, आणि विचारलं तर म्हणायचा की माझं पात्रच तसं आहे.

माझ्या मते सर्वांत मोठा बदल १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत झाला, जरी त्याची चर्चा कमी होते. तोवर एका लेव्हलचे सगळे चोर जवळपास सारखे असत. फरक पडायचा तो वंशाचा आणि चपळाईचा. या आवृत्तीने पहिल्या लेव्हलला वाटून टाकायला ६० गुण दिले, एका कौशल्यात जास्तीत जास्त ३०. आता कोणी भिंती चढणारा घरफोड्या झाला, कोणी गर्दीतला खिसेकापू. चोर 'घडवणं' इथे सुरू झालं. 'रोग' हे नावही याच आवृत्तीत आलं, चोर आणि बार्ड (गाणारा भाट) या दोघांच्या सामाईक गटाचं म्हणून.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ते क्लासचंच नाव झालं आणि चोरी हा एक पर्याय उरला. हेर, दलाल, शोधक, मुत्सद्दी, काहीही होता येऊ लागलं, कारण स्किल्ससाठी दर लेव्हलला मूळ आठ गुण मिळत, लढवय्याला दोन. पाठीत वार करण्याचा नियमही पालटला. पूर्वी बेसावध शत्रूच्या मागून गेलं तरच दुप्पट-तिप्पट इजा व्हायची, म्हणजे लढाईत बहुधा एकदाच. आता सोबत्याने शत्रूला दुसऱ्या बाजूने घेरलं तरी स्नीक अटॅक लागू झाला. भित्रा म्हणून मागे राहणारा चोर लढवय्याच्या जोडीने उभा राहू लागला. मृतात्मे आणि यंत्रपुतळे मात्र या वाराला दाद देत नसत. २००८ च्या आवृत्तीने तर त्याला थेट 'स्ट्रायकर' ठरवलं, मोठी इजा करणारा गडी.

२०१४ मध्ये जुन्या वादाचा एक पदर सुटला. कुलूप उघडायची हत्यारं वापरण्याची प्रवीणता पात्राच्या पूर्वायुष्यातूनही मिळू लागली, त्यामुळे गुन्हेगारीत वाढलेला धर्मगुरूसुद्धा कुलूप उघडू शकतो. 'रोग' क्लासकडे उरलं ते दुप्पट प्रावीण्य, म्हणजे 'एक्सपर्टाइज', आणि दुसऱ्या लेव्हलपासून मिळणारी चलाखी: वार करून त्याच खेपेला निसटता येतं किंवा लपता येतं. म्हणून पात्र रचताना सगळ्यांत जास्त विचार एक्सपर्टाइजच्या दोन जागांवर करावा. २०१४ च्या नियमांप्रमाणे तिथे हत्यारं लिहिली तर जुना चोर परत येतो; फसवणूक आणि माणसं ओळखण्याची हातोटी लिहिली तर कुलपाला हात न लावता दार उघडून घेणारा कोणी तयार होतो.

२०२४ च्या नियमांत पाचव्या लेव्हलला 'कनिंग स्ट्राइक' येतो. स्नीक अटॅकचा एक फासा सोडायचा आणि त्या बदल्यात शत्रूला विष द्यायचं, पाडायचं, किंवा स्वतः सुरक्षित मागे सरायचं. विषासाठी विषाचं सामान जवळ हवं, पाडायचं तर शत्रू फार अवाढव्य नको. किती इजा सोडून काय पदरात पाडून घ्यायचं, हे आता प्रत्येक वाराला खेळाडूने ठरवायचं आहे.