स्पेस नीडलचा खरा टॉवर जमिनीखाली आहे

अमेरिकेतल्या सिएटलचा फोटो म्हटला की स्पेस नीडल त्यात असतोच, तीन बारीक पाय, मधे निमुळती कंबर आणि वर उडती तबकडी ठेवल्यासारखा भाग. उंची ६०५ फूट, म्हणजे १८४ मीटर. सगळे वरच्या तबकडीकडे बघतात, पण मला विचाराल तर या टॉवरमधलं सगळ्यात भारी इंजिनिअरिंग कुणाला दिसतच नाही, कारण ते जमिनीत गाडलेलं आहे.

१९६२ मध्ये सिएटलला जागतिक प्रदर्शन भरणार होतं, थीम होती अंतराळयुग आणि भविष्य. एडवर्ड कार्लसन हे हॉटेल व्यवसायातले गृहस्थ आयोजकांपैकी एक, त्यांनी जर्मनीतल्या स्टुटगार्टचा टीव्ही टॉवर बघितला होता आणि वर रेस्टॉरंट असलेला असाच टॉवर आपल्याकडेही हवा असं त्यांनी डोक्यात घेतलं. आर्किटेक्ट जॉन ग्रॅहम यांच्या ऑफिसात डिझाइन बदलत बदलत तबकडी आली आणि व्हिक्टर स्टाइनब्रुक यांनी ती कंबरेत बारीक होणारी तीन पायांची आकृती दिली. पैसा खाजगी लोकांचा, जागा मिळाली जेमतेम १२० फूट बाय १२० फूट, आणि काम सुरू झालं १९६१ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे हातात फक्त एक वर्ष!

आता एवढ्याशा जागेत एवढी उंच वस्तू, वर जड डोकं, आणि गाव भूकंपाच्या पट्ट्यात. मग ती उभी कशी राहणार? तर त्यांनी ३० फूट खोल खड्डा खणला, त्यात सुमारे २५० टन लोखंडी सळ्या बांधल्या आणि ४६७ ट्रक काँक्रीट एका दिवसात सलग ओतलं. सलगच का, कारण आधीचा थर घट्ट झाल्यावर त्यावर नवा थर ओतला की दोन्ही नीट एकजीव होत नाहीत, मधे कच्चा सांधा राहतो, आणि ज्या पायावर सगळा भरवसा आहे तिथे असा सांधा परवडत नाही. या पायाचं वजन ५,८५० टन (अमेरिकन टन) आणि वरच्या अख्ख्या टॉवरचं साधारण ३,७००. म्हणजे दिसतं त्यापेक्षा जड जे आहे ते खाली आहे!

याने दोन गोष्टी होतात. एक तर सगळ्या बांधकामाचा गुरुत्वमध्य खूप खाली येतो. दुसरं म्हणजे वारा टॉवरला वरून ढकलतो तेव्हा तो उलटायला पायाची एक कड उचलली जावी लागेल, आणि ती उचलायची तर हे सगळं वजन उचलावं लागेल. गर्दीच्या बसमध्ये ब्रेक लागणार असं वाटलं की आपण पाय फाकवून उभे राहतो ना, तसंच, फक्त इथे पायांना हजारो टन वजन बांधलंय. टॉवरचे पाय या काँक्रीटमध्ये ७२ बोल्टनी पकडलेत आणि एकेक बोल्ट ३० फूट लांब आहे.

वरचा भाग मात्र मुद्दाम थोडा लवचीक ठेवलाय. ताशी १० मैल वाऱ्याला टॉवर साधारण एक इंच हलतो, आणि हलला म्हणून घाबरायचं काही नाही, पोलाद वाकून परत सरळ होतं. ताशी २०० मैल वारा सोसेल असं डिझाइन आहे, तेव्हाच्या नियमांच्या दुप्पट ताकदीचं. १९६५ आणि २००१ च्या मोठ्या भूकंपांत टॉवर डोलला पण उभा राहिला, त्यातला २००१ चा तर ६.८ तीव्रतेचा होता.

आणि ५०० फुटांवरचं ते फिरतं रेस्टॉरंट फिरवायला सुरुवातीला फक्त एक हॉर्सपॉवरची मोटर होती, खरं वाटत नाही पण हिशोब साधा आहे. वजन रुळांवरच्या चाकांवर पेललेलं, ते वर उचलायचं नाहीये, नुसतं घर्षण सांभाळून सावकाश ढकलायचंय, आणि वेग इतका कमी की एका फेरीला पाऊण तासाच्या आसपास लागतो. २०१८ ला तिथली फिरती जमीन काचेची केली, त्यामुळे आता पायाखाली शहर तर दिसतंच, शिवाय ती फिरवणारी यंत्रणाही बघता येते.