वढवाणा ट्रिपचे तुमचे पैसे नक्की जातात कुठं?

डभोईजवळच्या वढवाणा तलावावर आम्ही बडोद्याहून पक्षी बघायला ट्रिप नेतो. बुकिंगच्या वेळी लोक हमखास विचारतात, अहो डभोई तर इथंच आहे, स्वतःची गाडी काढून गेलो तर पेट्रोलमध्ये भागेल, मग तुम्हाला कशाला द्यायचे? विचारणं रास्त आहे, म्हणून एकदा लिहूनच काढलं.

वढवाणा हा बडोदा संस्थानानं 1910 साली बांधलेला सिंचनाचा तलाव, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या वेळचा, आणि 2021 मध्ये तो रामसर यादीतही (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आला. थंडीत मध्य आशियाकडून उतरणारे पक्षी इथं मुक्काम ठोकतात, ऐंशीहून जास्त जातींचे पाहुणे असतात, पट्ट कादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) तर हिमालय ओलांडून येतात. आपल्याला कौतुक, पण हेच कादंब रात्री कोवळ्या पिकात चरायला उतरतात तेव्हा शेतकऱ्याला काय वाटत असेल बघा. आणि आपण? घरून थेपले नि थर्मास घेऊन निघायचं, फोटो काढायचे, उन्हं चढायच्या आत परत येऊन रावपुऱ्यात शेव उसळ. गावात मागं राहतात ती वेफर्सची पाकिटं.

म्हणून आमच्या पॅकेजमध्ये वाटा दाखवणारा गावातलाच माणूस असतो, त्याची फी त्याच्या हातात जाते, टिप वेगळी (ती तुमच्या मर्जीवर). नाश्ता गावातल्या घरी, गरम बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, ताक, त्याचे पैसे करणाऱ्या बाईंना. बडोद्याहून पॅक डबे आणले तर आम्हाला स्वस्त पडतं खरं, पण मग गावाच्या हाती काहीच लागत नाही.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. ओडिशात चिलिका सरोवराकाठच्या मंगलाजोडी गावात पूर्वी पक्षी मारून विकायचे, आज त्याच गावची माणसं नाव वल्हवत पक्षी दाखवतात, आणि शिकाऱ्याला पक्षी कुठं बसतो हे आपल्यापेक्षा जास्त कळतं, नाही का. भिगवणला उजनीच्या पाण्यावर मच्छीमार रोहित (फ्लेमिंगो) दाखवायला होड्या काढतात. राजस्थानात भरतपूरच्या पक्षी अभयारण्यातले सायकलरिक्षावाले तर पक्ष्यांची इंग्रजी नावंसुद्धा धडाधड सांगतात.

अर्थात उगाच फुगवून सांगणार नाही. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेवढ्यावर कुणाचं घर चालत नाही, शेतीला जोड म्हणून ठीक. पण पक्षी टिकले तर पुढच्या वर्षी पण कमाई आहे, हे गावाला एकदा पटलं की फासे लावणाऱ्याला गावातलेच हटकतात, त्यासाठी बाहेरून कुणी यायला लागत नाही.

ट्रिपला येताना भडक कपडे नकोत, ड्रोन अजिबात नको, दुर्बीण नसेल तर आमच्याकडे भाड्यानं मिळेल. आणि सुट्टे पैसे नक्की आणा, पाचशेची नोट घेऊन चहाच्या टपरीवर उभं राहू नका.