निवडणुकीतला नवस आणि निवडणुकीतली करणी

विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला होतं. आदला दिवस मंगळवार. त्या सकाळी आमच्या गिरगावच्या चाळीत दोन नारळांची चर्चा होती. एक नारळ एका उमेदवाराच्या घरच्यांनी प्रभादेवीला सिद्धिविनायकापुढे ठेवला होता, नवस बोलून. दुसरा एका कार्यकर्त्याच्या उंबऱ्याशी सापडला, हळदकुंकू फासलेला, शेजारी टाचण्या टोचलेलं लिंबू. खाली वाण्याकडे उभ्या असलेल्या काकांनी लगेच निकाल दिला, "दोन्ही एकच रे. अंधश्रद्धा."

मला ते पटलं नाही. मंत्र चालतो की नाही हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. त्या नारळाचं ओझं कोणाच्या डोक्यावर पडतं, एवढंच बघू.

नवस बोलणारा स्वतःला बांधून घेतो. "निवडून आलो तर एकवीस मंगळवार चालत येईन." चालणार तो, पाय दुखणार त्याचे. शेजाऱ्याला ना भीती ना खर्च. लालबागच्या राजाची कथा मुंबईत सगळ्यांना पाठ आहे. पेरू चाळीतला बाजार 1932 मध्ये बंद झाला, कोळी बांधवांनी आणि विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस बोलला आणि 1934 मध्ये तिथे गणपती बसला. मागणी सार्वजनिक, फेड मागणाऱ्यांची. शिवाय जागेसाठी खटपट करणारी माणसंही होती, नुसता नवस बोलून कोणी घरी बसलं नव्हतं.

पण नवसातही एक चोरवाट आहे. "मला बळ दे" आणि "लोकांची मनं माझ्याकडे वळव" यांत बराच फरक आहे. दुसरी मागणी म्हणजे शर्ट-पँट घातलेलं वशीकरणच. खरंच तसं घडलं तर मतदाराचं मत त्याच्या नकळत कोणीतरी काढून घेतलं, असंच म्हणावं लागेल. आमच्याकडे गाऱ्हाण्यात "वाकड्याचा सरळ कर म्हाराजा" म्हणतात आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. तिथे वाकडा कोण धरायचा, आपण की समोरचा, ते गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या मनात असतं. त्यापेक्षा कोकणातला कौल बरा. कौल लावणारा देवाला फक्त विचारतो, निकाल बदलून मागत नाही. वर्तमानपत्रांनी 'जनतेचा कौल' हा शब्द उचलला तो किती नेमका!

आणि दोघांनीही नवस बोलला तर? 2017 च्या महापालिका निवडणुकीत 220 क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना प्रत्येकी 5,946 मतं पडली. निकाल चिठ्ठी टाकून लागला. ज्याची चिठ्ठी आली नाही, त्याचा देव कमी पडला असं म्हणायला काका तयार नव्हते.

आता करणी. तिचं ओझं करणाऱ्याच्या डोक्यावर नसतं, ते दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकलेलं असतं. आणि गंमत बघा, करणी म्हणजे गुपचूप, रात्रीची, कुणाला न कळता करायची गोष्ट. निवडणुकीतली मात्र नेमकी जिन्याच्या पहिल्या पायरीवर, दूधवाला येण्याच्या वेळेला सापडते. म्हणजे ती सापडावी म्हणूनच ठेवलेली. ते एक पत्रकच. निवडणुकीच्या छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव टाकावं लागतं, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127क आहे. लिंबावर कोणाचंच नाव नसतं.

म्हणून "अहो, लिंबानं काय होतंय" हे अर्धच खरं. लिंबानं काही होत नाही, लिंबाच्या बातमीनं होतं. त्या कार्यकर्त्याच्या आईनं त्याला दिवसभर बूथवर जाऊ दिलं नाही. आणि दुपारपर्यंत चाळीतल्या बोटांनी दिशा धरली होती, तिसऱ्या माळ्यावर एकट्या राहणाऱ्या मावशींच्या खोलीकडे. का, तर त्या अमावास्येला नारळ फोडतात. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची. अमका करणी करतो असं पसरवून त्याचं जगणं नकोसं करणं हाच महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. त्याच कायद्यानं कोणाला इजा किंवा आर्थिक नुकसान न करणाऱ्या धार्मिक विधींना हात लावलेला नाही, नवसही त्यातच येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर काही दिवसांतच हा कायदा आधी वटहुकूम म्हणून आला. देवावर बंदी आणणार अशी ओरड वर्षानुवर्षं झाली होती, तरी नारळ आणि नारळ यांतला फरक कायद्याला कळला होता. आमच्या काकांना नाही कळत.

खरा गोंधळ तिसऱ्याच नारळाचा असतो. पाकीट हातात देताना देवीच्या फोटोवर हात ठेवायला लावायचा, गावाकडे बेल-भंडारा उचलायला लावायचा. दिसायला हा नवस. देव तोच, हळद तीच. पण इथे उमेदवार स्वतःला बांधत नाही, मतदाराला बांधतो. मत फिरवलंस तर देवी बघून घेईल! ही करणीच झाली, फक्त दिवसाढवळ्या आणि उदबत्ती लावून. कायद्यानं इथे मंत्राची परीक्षा घेतलेलीच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(2) प्रमाणे, अमुक केलंस तर दैवी कोप होईल असं मतदाराच्या किंवा उमेदवाराच्या मनावर ठसवण्याचा प्रयत्न हा गैरवाजवी प्रभाव ठरतो. त्यापायी निवडणूक रद्द होऊ शकते.

तेव्हाच्या पंजाबातल्या सिरसा मतदारसंघातल्या 1957 च्या निवडणुकीत नामधारी या शीख पंथाच्या गुरूंनी एका उमेदवारासाठी हुकूम काढला होता. सर्वोच्च न्यायालयानं 1959 मध्ये सांगितलं की गुरूला मत मांडायची मोकळीक आहे, पण अनुयायांपुढे दुसरा पर्यायच उरणार नाही असा हुकूम काढता येत नाही. त्याच काळात बिहारच्या आदिवासी भागातल्या एका निवडणुकीत कोंबडा चिन्ह असलेल्या पक्षाचं पत्रक निघालं. कोंबडाच बोलतोय, मला मतांचा चारा घाला, विसरलात तर दुःखं संपणार नाहीत. जिथे देवांना कोंबडा वाहतात तिथे ही थट्टा नव्हती. न्यायालयानंही ती धर्माच्या नावावरचं आवाहन म्हणून भ्रष्ट आचारातच धरली.

मावशींना मी हे सगळं सांगितलं नाही. त्या बुधवारी मतदान करून आल्या आणि म्हणाल्या, "चिठ्ठी सात सेकंद दिसली काचेतून, मग पडली आत. कुणाला दिलं ते देवालाही सांगायची नाही." मग केरसुणी घेऊन तो नारळ नि लिंबू त्यांनीच झाडून टाकलं, कारण दुसरं कोणी हात लावायला तयार नव्हतं.