मोठी गोधडी हाताने शिवायला घेताय? आधी रेघ मारा

"तुकडे नीट जोडले तरी ओळी एकमेकींशी जुळत नाहीत. तुमच्याकडूनच चुकीचे कापून आलेत का?"

आम्ही गोधडीसाठी कापून ठेवलेल्या तुकड्यांचे संच विकतो आणि हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा येतो, की शेवटी उत्तर छापून प्रत्येक पाकिटात घालायचं ठरवलं. तुकडे बरोबर आहेत, शिवण कुठून गेली आहे ते बघा, एवढंच ते उत्तर. पण तुम्ही पहिल्यांदाच डबलबेडच्या मापाची गोधडी पूर्ण हाताने शिवायला घेतली असेल, तर पुढचं सगळं पहिला टाका घालायच्या आधी वाचा. नंतर वाचूनही उपयोग होतो, पण तो उसवताना.

आमचे चौकोन साडेसहा इंचांचे असतात. चारही बाजूंना पाव इंच, म्हणजे दोन सूत माया (शिवणीबाहेर राहणारं जास्तीचं कापड) धरलेली असते. शिवून झाल्यावर चौकोन सहा इंचांचा दिसतो. पाकिटात प्लास्टिकचा एक पारदर्शक चौकोनही असतो, बरोबर सहा इंचांचा. तो साचा आहे. पॅकिंगचा भाग समजून तो फेकून देणारी मंडळी बरीच आहेत, आणि फोनही बहुतेक त्यांचेच येतात. तुकडा उलटा ठेवायचा, साचा मधोमध ठेवायचा आणि पेन्सिलने चारही कडांनी रेघ मारायची. हातशिलाई त्या रेघेवरून करायची. काठाकडे बघायचंच नाही.

मशिनवर काठाला काठ लावून शिवलं तरी चालतं, कारण सुई जागेवर असते आणि काठापासूनचं अंतर मशीनच राखते. हातात धरलेल्या कापडाला असा आधार नसतो. डोळ्यांनी पाव इंच धरून शिवायला बसलात, तर पहिले चार तुकडे सुंदर येतात. मग हात सैलावतो, शिवण थोडी आत सरकते. किती? अर्धं सूत. नुसत्या डोळ्यांना ते दिसतही नाही. आता हिशोब करा. ९० बाय ९६ इंचांच्या गोधडीत एका ओळीत १५ चौकोन येतात, म्हणजे १४ शिवणी. प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांतून अर्धं-अर्धं सूत गेलं, तर ओळ चौदा सूत आखूड होते, म्हणजे पावणेदोन इंच. सगळ्या ओळी सारख्याच आखूड झाल्या असत्या, तर गोधडी थोडी लहान झाली म्हणून सोडून देता आलं असतं. तसं होत नाही. सकाळी शिवलेली ओळ आणि रात्री टीव्हीसमोर शिवलेली ओळ वेगवेगळी चुकते आणि दोन्ही एकमेकींना लावायची वेळ आली की कोपरे पळतात. मग ओळ ओढून बसवली जाते, कापडाला झोळ येतो आणि आम्हाला फोन येतो.

रेघ मारली तरी एक गोष्ट राहते, ती म्हणजे मागचा तुकडा. पुढच्या तुकड्याची रेघ डोळ्यांसमोर असते, मागची दिसत नाही. म्हणून दोन्ही तुकडे सुलट बाजू आत करून धरा आणि पुढच्या रेघांचा कोपरा जिथे होतो, नेमकी तिथेच टाचणी टोचा. ती मागच्या तुकड्याच्या कोपऱ्यातूनच बाहेर आली पाहिजे. दुसऱ्या टोकालाही तसंच, मध्ये एक. मग साधा धावदोरा, इंचाला आठेक टाके. दर तीन-चार टाक्यांनी कापड उलटून मागची रेघ बघा. सवय झाली की याला वेळ लागत नाही. शिवण रेघेच्या टोकालाच संपवा, काठापर्यंत नेऊ नका. तिथे एक उलटा टाका घ्या आणि गाठ मारा. माया मोकळी राहिली, तर चार चौकोन एकत्र येतात त्या जागी ती हवी त्या बाजूला वळवता येते आणि तिथे गठ्ठा होत नाही. इस्त्री करताना माया फाकवू नका, एका बाजूला पाडा. धावदोऱ्याच्या टाक्यांमध्ये फट असते. माया फाकवली तर ती उघडी पडते.

आणि मोजा. दोन चौकोन जोडले की साडेबारा इंच भरले पाहिजेत, चार जोडले की साडेचोवीस, पूर्ण ओळ साडेनव्वद. ओळ पूर्ण होईपर्यंत थांबू नका, चार झाले की पट्टी लावा. पूर्ण ओळीत एखाद-दुसरं सूत कमी भरलं, तर टाचण्या सारख्या अंतरावर लावून सांभाळून घेता येतं. त्याहून जास्त असेल तर उसवा, पण सगळा फरक एकाच शिवणीतून काढू नका. तीन-चार शिवणी उघडून त्यांत वाटा, नाहीतर तो एकच चौकोन वेगळा दिसतो.

काहीजण म्हणतात, रेघा तुम्हीच मारून का देत नाही? २४० तुकड्यांवर ९६० रेघा होतात हा मुद्दा बाजूला ठेवू. गठ्ठ्यात तुकडे एकमेकांवर घासतात आणि पेन्सिल पुसट होते, गडद रंगांवरची पांढरी तर आधी जाते. रेघ मारली की लगेच शिवावं हेच बरं. एका बैठकीला लागतील तेवढ्याच तुकड्यांवर मारा. उष्णतेने पुसली जाणारी पेनं आम्ही विकत नाही. त्यांची रेघ इस्त्रीने जाते आणि थंडीत पुन्हा उमटू शकते. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनावर इस्त्री फिरली, तर डाग कायमचा बसू शकतो. साधी कठीण पेन्सिल, टोक काढलेली. तीही पाकिटात आहे.

दुसरी तक्रार, कापड नव्यासारखं कडक लागत नाही. ते धुतलेलं असतं म्हणून. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि गडद रंग सुटतात, म्हणून आम्ही सगळं कापड धुऊन, इस्त्री करून मगच कापतो. यात आमचा वेळ जातो आणि थोडं कापडही कमी होतं, पण शिवून झालेल्या गोधडीत लाल रंग पांढऱ्यात उतरला तर त्यावर उपाय नाही. कापलेले तुकडे तुम्ही पुन्हा धुऊ नका. कडेचे धागे सुटतात आणि दोन सुतांच्या मायेत काही उरत नाही.

तीन इंची चौकोनांचा संचही आमच्याकडे आहे, दिसतो फार देखणा आणि नवशिके नेमका तोच मागतात. पहिल्या गोधडीसाठी तो घेऊ नका असं आम्ही सांगतो. त्याच ९० बाय ९६ च्या मापाला सहा इंची २४० चौकोन लागतात, तीन इंची ९६०. शिवणीची एकूण लांबी पहिल्यात ६८ मीटरच्या आसपास, दुसऱ्यात १४० च्या पुढे. कापडही मायेत जास्त जातं: सहा इंचीला दिसणाऱ्या मापापेक्षा १७ टक्के जास्त, तीन इंचीला ३६ टक्के. म्हणजे तीन इंची विकण्यात आमचा फायदाच आहे, तरीही सांगतो. फारच मोह होत असेल, तर त्या तुकड्यांची एक उशी करून बघा.

दोऱ्याबद्दल एवढंच, की अठरा इंचांहून लांब ओवू नका, तो पिळतो आणि गाठी होतात. सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. नऊ नंबरने सुरुवात करा.

अस्तर (खालचा थर) आणि भरण (मधला थर) वरचा थर पूर्ण झाल्यावर घेतलं तरी चालतं, पण अस्तराचा रंग आधी ठरवून आम्हाला कळवा, त्याच ठाणातलं बाजूला ठेवू. नंतर आलेल्या ठाणात छटा बदलते. अस्तर चारही बाजूंनी चार इंच मोठं हवं. ४२ इंची पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं असेल तर जोड देऊन पावणेआठ मीटर धरा. तिन्ही थर एकमेकांवर घातले की मधून बाहेर, चार-चार इंचांवर कच्चे टाके घाला. पक्के टाकेही मधूनच सुरू करायचे. ते किती अंतरावर हवेत हे भरणाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं आणि ते भरणागणिक बदलतं.

तुकडा खरोखरच चुकीचा कापला गेला असेल, तर बदलून देऊ, मात्र तो न शिवलेला असावा. आधी साचा त्यावर ठेवून बघा, चारही बाजूंना दोन सूत दिसले पाहिजेत. शिवलेल्या ओळीबद्दल विचारायचं असेल, तर उलट्या बाजूचा फोटो पाठवा, शेजारी पट्टी ठेवून, रेघ आणि टाके दोन्ही दिसतील असा. सुलट बाजूच्या फोटोवरून आम्हाला काही सांगता येत नाही. साचा हरवला असेल तर पुढच्या मागणीसोबत दुसरा देऊ, त्याचे पैसे घेत नाही.